अनुभव धागा: देऊळ दूर होतं, बंद होतं, नव्हतंच... तेव्हा तुमच्या घरी भक्ती कशी चालली?

गिरीजकर

मागच्या रविवारी वाईला जाऊन आलो. मुलांना मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा दाखवायचा होता. वाडा बघून घाटावर उतरलो. तिथे देवळापाशी छोट्या घुमटीत एक मोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे. धाकटी वाकून बघत होती, तिथूनच ओरडली, "आई, हिच्यावर मरियामाता आहे!" खरंच होती. कडेवर बाळ येशू, आणि साल १७०७.

ही घंटा आमच्या वसईकडची हे मला ऐकून ठाऊक होतं. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि चर्चमधल्या घंटा देशावर गेल्या. शाळेत हा धडा मी विजयाचा म्हणूनच शिकले, त्यात मला कधी वावगं वाटलं नाही, आम्हीही मराठीच आहोत. पण त्या धातूवर हात ठेवला, ऊन लागून तो गरम झाला होता, आणि एकदम आजी आठवली. इतकी आठवली की मला तिथल्या पायरीवर बसावं लागलं.

आजी सांगायची, घंटा गेल्यावर मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची वेळ कळणार कशी, म्हणून गावातला एक म्हातारा पहाटे दारोदार कड्या वाजवत फिरायचा. हे तिने कुठे वाचलेलं नव्हतं, तिला वाचताच येत नव्हतं. तिच्या आजीने तिला सांगितलेलं, तिला तिच्या आजीने.

तिची स्वतःची भक्ती मात्र मी डोळ्यांनी पाहिली आहे. २६ जुलै २००५. रात्रीतून पाणी घरात आलं ते पलंगाच्या पाट्यांना टेकलं. वीज नाही, फोन नाही. मागच्या सखल चाळीतली दोन कुटुंबं आमच्याकडे आली होती, त्यातलं एक दरवर्षी गणपती बसवणारं. तांदळाचा डबा माळ्यावर, कोंबड्या माळ्यावर, मरियामातेची मूर्ती कपाटाच्या डोक्यावर. आजी तेव्हा ८४ वर्षांची, पलंगावर पाय जवळ घेऊन बसलेली. अंधार पडला तशी म्हणाली, "रोजरीची वेळ झाली." माळ होती कपाटाच्या खालच्या खणात, म्हणजे पाण्यात. तिने माळ्यावरून वालाचे दहा दाणे काढून मागितले. प्रत्येक नमो मरियेला एक दाणा या मुठीतून त्या मुठीत. दहा झाले की परत उलटे. असे पाच वेळा. शेजारच्या काकूंना प्रार्थना येत नव्हती, त्या प्रत्येक दाण्याला नुसतं "आमेन" म्हणत होत्या. त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

ते दाणे आजीने नंतर पेरले. खरंच. परसात वेल आला होता.

तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा. दुष्काळ, पूर, परदेश, भीती, काहीही. कोणत्या पंथाचे आहात ते महत्त्वाचं नाही, ख्रिस्ती असायलाच हवं असंही नाही.

पाचूबंदर

भीमाशंकरची पण बघा. तिथली १७२९ ची आहे, क्रूस आहे वर. मी बोटीवर असतो, घरी आलो की आईला एकेक घंटा दाखवायला नेतो. ती प्रत्येक ठिकाणी हात लावून क्रूसाची खूण करते. भीमाशंकरला लोक बघत होते, कोणी काही बोललं नाही, एका गुरवाने उलट बाजूला सरकून जागा दिली.

वाईची_लेक

गिरीजकर ताई, आमची घंटा!! म्हणजे तुमची. आता काय म्हणू?

माझं माहेर मेणवलीपासून चालत अर्ध्या तासावर. लहानपणी आम्हाला ती बाई यशोदा वाटायची आणि कडेवर कृष्ण. माझी आजी घाटावर गेली की तिच्या पायाला कुंकू लावायची. मी कॉलेजला गेल्यावर कळलं की ती मरियामाता आहे. घरी येऊन आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई आहे ना? मग झालं." आणि दुसऱ्या दिवशी परत कुंकू लावून आली.

गिरीजकर

ताई, मी हे आत्ता आईला फोनवर वाचून दाखवलं. ती रडतेय आणि मला म्हणते, त्या बाईंना विचार त्यांची आजी आहे का अजून.

वाईची_लेक

नाही हो. २०११ ला गेली.

गोदाकाठ

नाशिककडून हजेरी. आमच्याकडे नारोशंकराची घंटा, तीही वसईच्या विजयातली. गोदेला पूर आला की अख्खं नाशिक एकच विचारतं, "घंटेला पाणी लागलं का?" मी चर्चला जाणाऱ्या घरातला, माझा मित्र रामकुंडावरच्या उपाध्यांच्या घरातला, आम्ही दोघं पावसात सायकली मारत घंटा बघायला जायचो. शरणपूरबद्दल पण लिहायचंय, रात्री लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

नगरची_शांता

मी मोठ्या अक्षरात लिहिते कारण चष्मा सापडत नाही. चुका सांभाळून घ्या.

बहात्तरचा दुष्काळ. मी आठ वर्षांची. आई-दादा दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या कामाला खडी फोडायला. सुट्टी बाजाराच्या दिवशी, रविवारी काम चालूच. मग भक्ती कधी करायची? पाळकसाहेब सायकलवर यायचे आणि दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत बाभळीखाली उपासना व्हायची. पेटी नाही, तबला नाही. खडी फोडायच्या हातोड्या दोन दगडांवर ठेक्यात वाजायच्या आणि त्यावर टिळकांचे अभंग. नारायण वामन टिळक आमच्याच नगरात राहिलेले, त्यांचं गाणं आमच्या लोकांना पाठ लागत नाही, ते अंगातच असतं.

एका रविवारी प्रभुभोजन होतं. पाव कुठला? द्राक्षरस कुठला? आईने फडक्यातून भाकरी काढली. मिलोची, म्हणजे दुष्काळातल्या परदेशी ज्वारीची. ज्यांनी खाल्ली त्यांना माहीत आहे, लालभडक, गिळता गिळत नाही अशी. पाळकसाहेब त्या भाकरीकडे किती तरी वेळ बघत राहिले. शेजारच्या बाईने पितळीच्या पेल्यात गुळाचं पाणी केलं, गूळ उसना आणलेला. साहेबांनी भाकरी हातात घेतली, मोडली. त्यांचे हात थरथरत होते. ते भुकेने थरथरत होते की कशाने हे मी अजून ठरवू शकले नाही, कारण त्यांच्याही घरी चूल रोज पेटत नव्हती.

मुकादम आमच्यातला नव्हता. सुट्टी संपली तरी शिट्टी तोंडात धरून उभा राहिला, वाजवली नाही. आमचं आमेन झाल्यावर वाजवली.

मी पुढे मोठमोठ्या चर्चमध्ये प्रभुभोजन घेतलं आहे. चांदीचे पेले पाहिले. पण मला त्या वेळी नेहमी मिलोची चव येते.

सुकेळी

शांता काकू, सलाम तुम्हाला. माझी आई पण मिलो म्हटलं की तोंड वाकडं करते.

आडवाटेचा

मिलो आणि सुकडी! शाळेत सुकडी वाटायचे, आम्ही खिशात भरून आणायचो आणि खिसा चिकट झाला म्हणून मार खायचो. धाग्याशी संबंध नाही पण आठवलं. माळकरी घर आमचं. त्या साली वारीला जाता आलं नाही म्हणून आजोबांनी आषाढीला आडातल्या चिखलापाशी उभं राहून हरिपाठ म्हटला. देऊळ लांब असलं की असंच असतं बहुतेक सगळ्यांचं.

नगरची_शांता

अहो संबंध आहे की. लिहा.

दोन_नावं

हे लिहायला नवीन खातं काढलं आहे. गाव विचारू नका. मराठवाडा एवढंच.

आमच्या घरात प्रत्येकाला दोन नावं. एक शाळेच्या दाखल्यावरचं, एक घरातलं. बाप्तिस्म्याचं. अनुसूचित जातींसाठीच्या १९५० च्या आदेशात आधी फक्त हिंदू होते, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती झालात की सवलत गेली. जात मात्र तिथेच राहते, पाणवठ्यावर कोणी विचारत नाही की तुम्ही बायबल वाचता का. मग आजोबांनी ठरवलं, पोरं शिकली पाहिजेत. कागदावर एक, घरात एक.

रविवारी सकाळी प्रार्थना व्हायची तेव्हा टीव्ही मोठ्याने लावलेला. पडद्यावर मालिकेतलं युद्ध आणि इकडे आम्ही सहाजण डोळे मिटून. मला अजून शंखाचा आवाज आला की आपोआप हात जुळतात. नाताळचा तारा आतल्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून टांगलेला. बाहेरून फक्त थोडा लाल उजेड दिसायचा, कोणी विचारलं तर आई म्हणायची झिरोचा बल्ब आहे.

वडील सरकारी नोकरीत होते. २०१६ ला वारले. मातीला ऑफिसातले साहेब आले, भावकीतले आले. पाळक आले होते पण साध्या शर्टात, गर्दीत मागे. त्यांनी ओठ न हलवता प्रार्थना केली, मला माहीत आहे कारण मी त्यांच्याकडेच बघत होते. दगडावर कोणतं नाव घालायचं यावर आम्ही भावंडं तीन दिवस बोलत बसलो. शेवटी नाव घातलंच नाही. "बाबा" आणि दोन तारखा.

मी स्वतः आता नोकरीत आहे. अजूनही तसंच चालू आहे. मला भेकड म्हणू नका एवढीच विनंती.

गिरीजकर

कोणी म्हणणार नाही. मी दोनदा वाचलं.

रात्रपाळी

बाई गं. तुम्ही ती प्रार्थना सोडली नाही हे बघा.

आडवाटेचा

हा प्रश्न सुप्रीम कोर्टात कित्येक वर्षं पडून आहे. केंद्राने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोगही नेमला. आमच्या गावातली चार घरं याच पेचात आहेत. मला आधी राग यायचा की हे लोक दोन्हीकडून घेतात. एकदा त्यांच्यातल्या एकाने शांतपणे विचारलं, "दादा, आम्ही चर्चला जायला लागल्यावर तुमच्या वाड्यातली आमची कपबशी बदलली का?" बदलली नव्हती. आमच्या घरी ती वेगळीच ठेवलेली असायची. तेव्हापासून मी या विषयावर गप्प ऐकतो.

दोन_नावं

दादा, हे लिहिलंत त्याबद्दल आभार.

रात्रपाळी

आता माझं. नर्स आहे, नऊ वर्षं सौदीत होते. तिथे चर्च नाही. उघड उपासना नाही. शुक्रवारी सुट्टी, मग कोणाच्या तरी फ्लॅटवर जमायचो. चार केरळच्या, दोन फिलिपिनो, एक गोव्याची, मी वसईची. ठरलेला पहिला नियम काय, तर जोडे आत. दाराबाहेर आठ जोड चपला दिसल्या तर शेजारी विचारणार आज काय आहे. म्हणून प्रत्येकीने आपापल्या चपला पिशवीत घालून न्हाणीघरात ठेवायच्या. पडदे ओढायचे. एसी फुल्ल, आवाज दबावा म्हणून.

गाणी म्हणायची नाहीत. नुसती गुणगुणायची, तोंड मिटून. तुम्ही कधी आठ बायका आपापल्या भाषेतलं एकच गाणं तोंड मिटून म्हणताना ऐकल्या आहेत का? शब्द नसल्यामुळे ते सगळ्यांचंच व्हायचं.

घरी आले तेव्हा पहिल्या रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, घंटा वाजली आणि मी दचकले. मला वाटलं आता कोणीतरी येणार. आईने हात धरला. तिला कळलं नाही काय झालं. पायरीवर सगळ्यांच्या चपला उघड्यावर पडलेल्या, कुणाच्या कुठेही, आणि मी त्या बघत उभी राहिले.

सुकेळी

अंगावर काटा आला. माझा भाऊ दुबईत. तिथे ऊद मेथ्याला मोठं सेंट मेरीज चर्च आहे, तिथल्या शेखांनीच जागा दिलेली. शुक्रवारी पाय ठेवायला जागा नसायची म्हणतो. एकाच वाळवंटात केवढा फरक.

पाचूबंदर

सुकेळी, नाव बघून विचारतो, सुकेळी मिळतील का तुमच्याकडे? खऱ्या राजेळीच्या? बाजारात हल्ली भलतंच काहीतरी देतात.

सुकेळी

घरच्या आहेत, पण थोड्याच. आमची फक्त बारा झाडं उरली आहेत, बाकी जमिनीवर इमारती. आई अजून साली काढून उन्हात घालते आणि केळीच्या सोपटात बांधते. डिसेंबरात या.

नंदाखाल_ते_फुकुओका

मी आयटीत, जपानमध्ये आहे, सहा वर्षं झाली. गिरीजकर, तुमच्या आजीच्या कड्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्यावरून लिहावंसं वाटलं.

वसईच्या सगळ्यांना संत गोन्सालो गार्सिया माहीत आहेत, गासचं चर्च त्यांच्याच नावाचं. जन्म वसईचा, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर. मी लहानपणापासून त्यांच्या सणाला जातो, पण ते मला चित्रातले वाटायचे. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात नागासाकीला गेलो. स्टेशनपासून चालत निशिझाका टेकडी. तिथे त्या दिवशी क्रुसावर दिलेल्या सव्वीसजणांचं ब्राँझचं शिल्प आहे, ओळीने उभे, पाय जमिनीवर टेकलेले नाहीत. मी त्यातले गोन्सालो शोधत होतो. एक जपानी आजोबा पानं झाडत होते, त्यांनी विचारलं कोण हवंय. मी म्हटलं, माझ्या गावचा आहे. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि माझ्यापुढे वाकले. मला काय करावं सुचेना. मी पण वाकलो.

मग त्या आजोबांनीच बाकीचं सांगितलं. १६१४ ला बंदी आली. पाद्री मारले गेले किंवा हाकलले. त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षं एकही पाद्री नाही, मिस्सा नाही. लोकांना मरियेच्या चित्रावर पाय द्यायला लावायचे, दिला नाही तर ख्रिस्ती म्हणून धरायचे. तेव्हा गावकऱ्यांनी आपापसात कामं वाटून घेतली. एकजण सणांचं पंचांग सांभाळणार, एकजण बाप्तिस्मा देणार. कानोन या बौद्ध देवीची मूर्ती पुढे ठेवून तिच्यातच मरिया बघायची. प्रार्थनेला ते ओराशो म्हणतात, मूळ लॅटिन शब्द. लॅटिनचे शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडी इतके झिजले की अर्थ कुणालाच कळत नव्हता, तरी म्हणत राहिले. माझी आजी लॅटिन मिस्सा अशीच म्हणायची हो! एक शब्द कळायचा नाही आणि एक शब्द चुकायचा नाही.

१७ मार्च १८६५ ला नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये, ते नुकतंच परदेशी लोकांसाठी बांधलेलं, उराकामीचे काही शेतकरी आले आणि एका बाईने फादर पेतीजाँ यांच्या कानाशी येऊन सांगितलं की आमचं आणि तुमचं हृदय एकच आहे, मरियेची मूर्ती कुठे आहे? आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की बंदी तेव्हाही उठली नव्हती. त्यांनी उघडपणे सांगितलं म्हणून तीन हजारांहून जास्त लोकांना पुढे घरदार सोडून देशभर पांगवलं. १८७३ ला ते परत येऊ शकले. परत येऊन त्यांनी चर्च बांधलं, त्यावर १९४५ ला अणुबॉम्ब. त्याच्या मलब्यातून एक घंटा अख्खी निघाली आणि त्याच नाताळात वाजली.

लांबलं. लंच संपला.

गिरीजकर

तू नंदाखालचा म्हणजे आमच्या शेजारचाच रे. घरी कोण कोण आहे?

नंदाखाल_ते_फुकुओका

आई-बाबा. काकू, तुम्हाला आई ओळखत असणार, ती सगळ्यांना ओळखते.

जुनी_कागदं

इतिहास शिकवायचो, आता निवृत्त. १७३९ बद्दल एक भर घालतो, कारण तो भाग बहुतेकदा राहून जातो. युरोपीय धर्मगुरू निघून गेले, पण गोव्याचे देशी पाद्री मागे राहिले. अनेक चर्च पडली, मठ ओस पडले, तरी भक्ती बंद झाली नाही, ती या माणसांमुळे. आणि मराठी अमलालाही त्याचं श्रेय द्यायला हवं. १७६० च्या सुमारास आंकेतिल द्यू पेराँ हा फ्रेंच प्रवासी ठाण्याकडून गेला, त्याने सणाला जमलेले हजारो ख्रिस्ती पाहिले आणि ते मोकळेपणाने सण करत होते असं नोंदवलं. हार झाली होती, आसरा देणारं राज्य गेलं होतं, पुढे काय होईल हे कुणालाच माहीत नव्हतं. तरी वीस वर्षांनी हजारो माणसं सणाला येत होती. कड्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचा कागद मिळणार नाही. पण गिरीजकर, मी तुमच्या आजीवर विश्वास ठेवतो. कुणीतरी कड्या वाजवल्याशिवाय हे झालेलं नाही.

तिसरा_मजला

मंगळुरी आहोत, मुंबईत तीन पिढ्या, घरात कोंकणी. आमच्याकडे राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, नुसता राखेचा नसतो. १७८४ च्या राखेच्या बुधवारी टिपूच्या माणसांनी आमच्या लोकांना धरून श्रीरंगपट्टणला नेलं असं परंपरेने सांगतात. १७९९ ला टिपू पडल्यावर जे उरले ते परतले. पंधरा वर्षं. आई त्या दिवशी कपाळावरची राख दिवसभर पुसू देत नाही. एवढंच लिहायचं होतं, बाळ उठलं.

गोदाकाठ

आलो. दुकान बंद केलं.

शरणपूर. नाशिककरांना शरणपूर रोड म्हणजे दुकानं आणि ट्रॅफिक. पण ते नाव शरण आलेल्यांच्या वस्तीचं. १८५० च्या दशकात मिशनने तिथे आश्रम काढला. अरबी समुद्रात इंग्रजांच्या जहाजांनी गुलामांच्या होड्या धरल्या की त्यातली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवायचे, त्यातली काही नाशिकला यायची. आई-बाप कुठे माहीत नाही, भाषा माहीत नाही, आपलं खरं नाव धड आठवत नाही. ती मुलं इथे सुतारकाम, लोहारकाम शिकली आणि मराठी मंडळींबरोबर उपासनेला बसली.

त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ ला आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन तिथेच आत वारले तेव्हा त्यांचं हृदय झाडाखाली पुरलं आणि त्या वेळची प्रार्थना या नाशिकला शिकलेल्या पोराने वाचली. मग सोबत्यांनी देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणला, महिनोन्‌महिने चालत.

आमची आजी त्या वस्तीजवळ वाढली. तिला या मुलांबद्दल तिच्या आजोबांकडून एकच गोष्ट आली होती. ती पोरं "आमच्या बापा" म्हणताना पहिल्या शब्दांवर नेहमी थांबायची. पाळक रागवायचे नाहीत, सगळी मंडळी त्यांच्यासाठी थांबायची. मी पण थांबतो. बायको विचारते काय झालं.

शेतातली_भक्ती

मी खूप वेळ नुसतं वाचत होते. लिहू का नको.

आमचं गाव छोटं. चर्च नाही, कधीच नव्हतं. सासऱ्यांच्या घरात पंधरा-वीस माणसं रविवारी बसायची. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी जमाव आला. धर्मांतर करता म्हणाले. आमच्यात त्या दिवशी नवीन एकही माणूस नव्हता, सगळी भावकी होती. पेटीचा भाता फाडला. सासऱ्यांना ढकललं, लागलं नाही फार. पण सत्तर वर्षांचा माणूस आपल्याच उंबऱ्यात पडला. नंतर ज्यांच्याकडे तक्रार नेली त्यांनी आमचीच सही घेतली की परवानगीशिवाय जमणार नाही. घरात प्रार्थनेला परवानगी कसली असते ते मला माहीत नाही. घटनेच्या २५ व्या कलमाचा कागद मुलाने छापून आणलाय, तो बायबलात ठेवलाय.

चार महिने काहीच नाही. जो तो आपापल्या घरी. मग खुरपणी आली. आम्ही बायका एका ओळीत बसून खुरपतो आणि गाणी म्हणतो, सगळ्याच म्हणतात, त्यात कुणाला काय दिसणार? नणंदेने टिळकांचा एक अभंग काढला, ओवीच्या चालीवर. सगळ्यांनी उचलला. पात संपेपर्यंत चार झाले. बांधावर सासरे बसले होते, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्या दिवसापासून आमची उपासना खुरपणीला. वेचणीला. काढणीला. उन्हाळ्यात काम नसतं तेव्हा जड जातं.

पेटी अजून तशीच आहे. नीट करायला नगरला न्यायची म्हणतो पण नेत नाही.

नगरची_शांता

बाळा, पेटी नगरला आण. माझा पुतण्या पेट्या नीट करतो, भाता बदलून देईल, पैसे घेणार नाही. मी सांगते त्याला. चष्मा सापडला.

दोन_नावं

ताई, सासऱ्यांना माझा सलाम सांगा.

रात्रपाळी

खुरपणीची गाणी आणि आमचं गुणगुणणं. मी आज ड्यूटीवर हेच मनात घेऊन जाते. बस आली, बाकी उद्या.

आडवाटेचा

शेतातली भक्ती ताई, तुमच्या भागातला कोणी वकील हवा असेल तर मला निरोप टाका. माझ्या ओळखीत एक आहे, हिंदू आहे, चांगला माणूस आहे.

शेतातली_भक्ती

टाकते दादा. घरी विचारते आधी.

सुकेळी

कोविडचं कोणी लिहिलं नाही अजून? २०२० चा ईस्टर, १२ एप्रिल. देवळाला कुलूप. आम्ही जिन्यात मेणबत्त्या घेऊन उभे, मिस्सा मोबाइलवर, प्रत्येकाचा मोबाइल दोन-तीन सेकंद मागे-पुढे. त्यामुळे आलेलुया खालच्या मजल्यापासून वर चढत गेला, तळमजल्यावर संपला की पहिल्यावर सुरू. गुरुवारपासून घंटा गप्प असतात ना आपल्या, त्या रात्री सुटतात. त्या साली सगळ्यांनी ताटं वाजवली. खालच्या जैन काकांनी पण.

पाचूबंदर

सुकेळी, एक किलो माझ्या नावाने ठेवा. आणि ताटाचं आमच्याकडे पण!

गिरीजकर

मी सकाळपासून स्वयंपाक सोडून हेच वाचतेय. वाईच्या ताई, आई म्हणतेय तिला ती घंटा बघायचीच आहे, नाताळच्या सुट्टीत. तिचे गुडघे दुखतात. घाटाला पायऱ्या किती आहेत?

वाईची_लेक

मोजल्या नाहीत कधी, पण उंच आहेत आणि शेवाळ असतं. येण्याआधी दोन दिवस कळवा. मी येते, एका बाजूने मी धरते, एका बाजूने तुम्ही. दुपारी नको, सकाळी या, तेव्हा ऊन समोरून पडतं आणि चेहरा नीट दिसतो. जेवायला आमच्याकडे.

गिरीजकर

आई विचारतेय काय आणू. मी म्हटलं वाल घेऊन जाऊ, परसातले.